सागाची उतरण

सागवानाचा वास एकदम अंगावर येत नाही. करवतीचा दात आत शिरतो, पिवळसर भुसा सांडू लागतो आणि मग जरा उशिरानंच तो वास उठतो. कोरडा, तेलकट, किंचित कडवट, आणि त्या कडवटपणाच्या तळाशी मुरलेला एक अगदी बारीक गोडवा. चंदन मिरवतं, देवदार घमघमतो. साग असलं काही करत नाही. तो आपल्या जागी थांबून राहतो. ज्याला हवा असेल त्यानं जवळ यावं, वाकावं, श्वास घ्यावा.

माझं सगळं लहानपण या वासाच्या कडेनं गेलं. माझे आजोबा, आमचे नाना, सुतारकाम करत. रत्नागिरीच्या घराच्या मागल्या पडवीत त्यांचा सारा पसारा मांडलेला असे: रंधे, पटाश्या, वाकस, गुण्या, गिरमिट आणि खुंट्यांवर टांगलेल्या लहानमोठ्या करवती. दुपारची जेवणं आटोपून घर आडवं झालं, की पडवीतून रंध्याचा आवाज सुरू होई. लांब, सरळ, एका दमाचा. प्रत्येक फेरीला एक पातळ छिलका वळत वळत वर येई आणि अलगद खाली पडे. कौलांच्या फटीतून उन्हाची तिरीप उतरलेली असे, तिच्यात भुशाचे कण वर-खाली होत राहत, आणि मी छिलक्यांच्या ढिगात बसून ते बघत असे. नाना बोलत नसत. बोलायची गरजही नसे. त्या दुपारी दोघांमध्ये जे काही होतं ते त्या वासातच होतं.

नवं लाकूड आलं, की नाना चिमूटभर भुसा तळहातावर घेत, अंगठ्यानं चोळत, नाकाशी नेत आणि डोळे मिटून घेत. ‘बल्लारशाचा,’ म्हणत, आणि कामाला लागत. पण कुणाच्या जुन्या घराची उतरवणी होऊन एखादा खांब किंवा तुळई आली, तर हा सोहळा बराच लांबे. पहिला रंधा फिरवून वरचं काळं पडलेलं कातडं निघालं, आतून मधासारखा रंग उजळला, की ते त्या उजळल्या जागेवर हात ठेवून काही वेळ नुसते उभे राहत. मग आवाज खाली आणून म्हणत, ‘मलबारचा आहे गो.’

मलबार! त्या शब्दाला माझ्या मनात ना नकाशा होता, ना दिशा. समुद्राच्या खालच्या अंगाला कुठेतरी तो मुलूख आहे, तिथून पूर्वी गलबतं लाकूड घेऊन वर येत, एवढं ऐकून ठाऊक होतं. बाकी सारा मलबार माझ्यासाठी वासाचाच होता. तिथली माणसं, तिथले डोंगर, तिथला पाऊस, सगळं त्या चिमूटभर भुशातून मी उभं करत असे.

पुढे नाना गेले. पडवी बंदिस्त करून तिची खोली झाली. हत्यारं कुठे कुठे गेली. वास मात्र राहिला. कुठल्याही शहरात, कुठल्याही गल्लीत, लाकडाच्या वखारीवरून जाताना पाऊल आपोआप मंदावत राहिलं.

आणि मग, फार वर्षांनी, एका पक्ष्यांच्या माणसानं मला त्या मुलखाची वाट दाखवली. सलीम अलींविषयी वाचत होते. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला हा माणूस १९३३ साली त्रावणकोर आणि कोचीन संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी करायला निघाला. पत्नी तेहमिना बरोबर होत्या, आणि त्या पाहणीचे लेख पुढे मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून छापून आले. त्या प्रवासात त्यांचा मुक्काम पडला होता कुरियारकुट्टी नावाच्या जागी, परांबिकुलमच्या घनदाट रानात, आणि तिथे रानातूनच एक चिमुकली रेल्वे जात होती. साग आणि शिसव डोंगरावरून खाली नेण्यासाठी बांधलेली. कोचीन स्टेट फॉरेस्ट ट्रामवे. एरवी मी पक्ष्यांच्या नावांत रमले असते. पण ‘साग’ आणि ‘रूळ’ हे दोन शब्द एका ओळीत आले आणि पुस्तक माझ्या मांडीवर तसंच उघडं राहिलं. रंध्याचा आवाज ऐकू आला. खरंच आला.

मलबारचा साग त्याआधी शंभर वर्षं आणि त्याहून जास्त काळ रानाबाहेर जातच होता. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी बांधलेली लढाऊ जहाजं याच सागाची. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशेहून जास्त वर्षं झाली, मलबारच्या झाडांचा तो देह अजून खाऱ्या पाण्याला दाद देत नाही. समुद्राजवळचा, नदीकाठचा, हाताशी येणारा साग असा तोडला गेला, की १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनोली याला निलांबूरला सागाची मुद्दाम लागवड करवावी लागली. जुना, शतकांचा साग उरला तो आत, उंचावर, माणसाचा हात सहज पोचत नव्हता तिथे.

परांबिकुलमचं खोरं असंच आत होतं. आनमलाई आणि नेल्लियांपतीच्या डोंगरांनी सगळीकडून धरून ठेवलेलं. तिथलं पाणी चालकुडी नदीतून समुद्राकडे जातं, पण त्या वाटेवर अतिरप्पिळ्ळीचा धबधबा आहे, ऐंशी फुटांची कोसळण आहे. ओंडका नदीत सोडावा तर खाली त्याच्या चिरफळ्या पोचायच्या. तेव्हा हत्तींनी ओढून न्यावा तितकाच साग खाली जाई. बाकीचा उभा होता. नदीच त्याला राखत होती म्हणायचं.

कोचीनचा राजा रामवर्मा याच्या कारकिर्दीत हे बदललं. याच राजानं शोरनूर ते कोचीन रेल्वे आणली, १९०२ मध्ये ती सुरू झाली, आणि तिच्या खर्चासाठी त्रिपुणित्तुरच्या पूर्णत्रयीश मंदिरातली हत्तींची सोन्याची शिरोभूषणं विकली, असं तिकडे आजही सांगतात. त्या रेल्वेवर चालकुडी हे स्टेशन आलं आणि समुद्र रानाच्या एकदम जवळ सरकला. मग चालकुडीपासून डोंगरात, परांबिकुलमच्या पार आत चिन्नारपर्यंत, सुमारे ऐंशी किलोमीटरचा मीटरगेज मार्ग घातला गेला. इंजिनं आली बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीची. १९०७ पासून गाडी धावू लागली आणि नदीनं राखलेला साग खाली उतरू लागला; आधी चालकुडीला, तिथून कोचीनच्या बंदरात, तिथून साऱ्या जगात.

या मार्गाची एक गोष्ट वाचली आणि ती मनातून जाईना. डोंगर इतका उभा, की काही ठिकाणी इंजिनाचं कामच नव्हतं. तिथे सरळ उतारावर रूळ घातलेले, माथ्यावर एक मोठं चाक, चाकावरून पोलादी दोर. दोराच्या एका टोकाला लाकडानं भरलेल्या वाघिणी, दुसऱ्या टोकाला खालच्या रिकाम्या. माथ्यावरचा माणूस ब्रेक सैल करी. भरलेल्या वाघिणी स्वतःच्या भारानं खाली निघत आणि त्याच भारानं रिकाम्या वर ओढल्या जात. एका दोराला दोन घागरी बांधलेल्या विहिरीवर भरलेली आणि रिकामी एकमेकींना ओलांडून जातात, तशा मधोमध त्या वाघिणी एकमेकींना ओलांडत असतील. ना वाफ, ना कोळसा. खाली ओढण्याचा पृथ्वीचा जो हट्ट आहे, त्यालाच कामाला लावलेलं. असे अनेक उतार त्या मार्गावर होते.

जड ते खाली जाणार आणि जाताना रिकाम्याला वर ओढणार. किती साधं! आणि तरी मी कितीतरी रात्री त्या दोराचा विचार करत पडून राहिले. मला त्यात ते सगळं रानच दिसत होतं. खालचं बंदर भरत होतं, आणि वर, प्रत्येक खेपेला, रिकामेपणा पोचत होता.

ती वाट पायांनी पाहायलाच हवी होती.

परांबिकुलम केरळात असलं, तरी तिथे जाणारा गाडीरस्ता तामिळनाडूतून जातो. पोल्लाची, सेतुमडै, मग घाट चढून टॉप स्लिप. या गावाचं नावच सांगतं, की इथल्या माथ्यावरून ओंडके डोंगराच्या उतारावर सोडून देत आणि ते घसरत खाली जात. तिथे ह्यूगो वुड नावाच्या वनाधिकाऱ्याची कबर आहे, सागाच्या सावलीत. फिरायला निघताना तो खिशात सागाचं बी ठेवी, हातातल्या काठीनं जमिनीत भोक पाडी आणि बी टाकत पुढे जाई, असं सांगतात. तोडणाऱ्यांच्या त्या सबंध काळात एक माणूस पेरत चालला होता. मी त्या कबरीपाशी जरा रेंगाळले. नाना असते तर त्यांनीही चपला काढल्या असत्या.

जानेवारी सरत आला होता. सागाची पानगळ सुरू झालेली. रानवाटेवर पाय टाकला, की सुपाएवढी वाळकी पानं करकरत, आणि सगळं रान आपल्या येण्याची बातमी आधीच पुढे पोचवत असे. वाटाड्या म्हणून बरोबर होते ते काडर समाजातले एक वयस्क गृहस्थ. हे रान काडर लोकांचं. मध, कंदमुळं, झाडांच्या ढोली, हत्तींच्या वाटा, सगळं त्यांना पाठ. मी त्यांना चेट्टा म्हणत होते, ते मला अम्मा. आमच्यात भाषा फारशी नव्हती. थोडं तमिळ, थोडं हिंदी, बाकी हातवारे. त्यांचे वडील ओंडके ओढणाऱ्या हत्तींबरोबर कामाला असत, हे त्यांनी मला दोन्ही हातांनी सोंड करून सांगितलं.

कुरियारकुट्टीच्या दिशेनं निघालो. बराच वेळ मला कुठे काही दिसेना. झुडपं, वेळू, गव्यांच्या खुरांचे ठसे. आणि मग पायांना कळलं. डोळ्यांच्या आधी कळलं. डोंगरातली पाऊलवाट चढते, उतरते, वळसे घेते, दम लावते. इथे तसं काहीच होत नव्हतं. वाट एकसारख्या चढानं निघाली होती. डोंगर आत शिरला की ती हळूच आत वळे, डोंगर पुढे आला की हळूच बाहेर, आणि पावलांना एक संथ लय लागून गेली होती. ही माणसाची वाट नव्हे, जनावराचीही नव्हे. चाकांसाठी कोरलेली ही वाट होती, आणि चाकं गेल्याला इतकी वर्षं झाली, तरी तिनं आपला चढ सोडला नव्हता.

वाटेच्या मधोमध हत्तीची ताजी लीद पडलेली होती. चेट्टांनी तिच्याकडे बोट केलं आणि हसले. एके काळी या रुळांपर्यंत साखळ्या ओढत लाकूड आणणाऱ्या हत्तींचीच पुढची पिढी आता बिनसाखळीची, वाटेच्या मधून, सावकाश जाते. चढ बेताचा आहे ना. हत्तींनाही तो मानवतो.

मग रूळ दिसले. सलग कुठेच नाहीत. गाडी थांबल्यावर बहुतेक लोखंड उचलून नेलं गेलं. जे राहिलं ते इथे एक तुकडा, तिथे एक वाकडी पट्टी, ओढ्यावर पुलाचा सांगाडा. एका ठिकाणी मी गुडघे टेकून बसले. पानं बाजूला सारली. रूळ होता, गंज पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटलेला, बोट लावलं की तपकिरी भुगा हाताला येत होता. दोन रूळ जोडणारी पट्टी अजून जागच्या जागी होती, तिच्यात बोल्ट होते, आणि एका बोल्टचं डोकं कित्येक वेळा आवळल्यानं कडेनं गोल झालेलं होतं. कुणीतरी माणूस हातात पाना घेऊन, बहुधा पावसात, इथेच बसला असेल. घट्ट बसलाय ना, हे त्यानं हात लावून पाहिलं असेल. खालचे लाकडी स्लीपर केव्हाच मातीत गेले होते, आणि रूळ जिथे संपत होता तिथे एक साग उभा होता, मांडीएवढा जाड, रुळाच्या तोंडाशी अंग भिडवून. त्याच्या सालीनं लोखंडाच्या कडेवर ओठ चढवायला सुरुवात केली होती. आणखी काही वर्षं, आणि ते टोक झाडाच्या पोटात जाईल.

मी त्या झाडाला टेकून बसले. आणि नकळत, सवयीनं, श्वास आत ओढला.

वास नव्हता.

पानांचा होता, मातीचा होता, ओल्या दगडांचा होता, दूर कुठेतरी हत्ती गेल्याचा होता. सागाचा तो वास, पडवीतला, तळहातावर चोळलेला, डोळे मिटायला लावणारा, तो कुठेच नव्हता. हजारो साग माझ्याभोवती उभे होते. मी सालीला नाक लावलं. पान चुरगळलं. नाही. आणि तेव्हा, त्या गंजक्या रुळाशेजारी बसून, एक गोष्ट मला हळूहळू उमगत गेली, नानांना अर्थातच ठाऊक असलेली, पण त्यांनी कधी न बोललेली. साग उभा असतो तेव्हा त्याला तो वास नसतो. ते तेल, तो कडवटपणा, तो तळचा गोडवा, सगळं आत, गाभ्यात मिटलेलं असतं. किडीपासून, बुरशीपासून, पाण्यापासून स्वतःला राखण्यासाठी झाडानं वर्षानुवर्षं साठवलेलं. करवत आत गेल्याशिवाय ते बाहेर येत नाही. ज्या वासाला मी जन्मभर माया समजत आले, तो झाडाच्या जखमेचा वास होता.

रानातल्या तोडीची एक रीत होती. साग हिरवा तोडला तर जड राहतो, पाण्यात बुडतो. म्हणून आधी त्याच्या बुंध्याभोवती साल आणि वरचं लाकूड खोल कापून एक कडं काढत, आणि झाड तसंच सोडून देत. वर पाणी चढणं थांबे. पानं झडून जात. वर्ष, दोन वर्षं ते झाड उभ्या उभ्या वाळत राही, आणि मग कुऱ्हाड येई. मला ती झाडं दिसू लागली. ऐन पावसात, सगळीकडे हिरवं दाटलेलं असताना, मधूनमधून उभी असलेली, निष्पर्ण, कमरेला कडं घातलेली. आपली गाडी यायची वाट बघणारी.

चेट्टांनी काही विचारलं नाही. जरा पलीकडे बसून तेही वर बघत होते.

परांबिकुलमला एक साग आहे, कन्निमारा नावाचा. साडेसहा मीटरहून मोठा घेर, प्रचंड उंची, वय साडेचारशे वर्षांच्या घरात असल्याचं सांगतात. शिवाजी महाराजांचा जन्म झाला तेव्हा तो बुंधा चांगला उभा राहिलेला असणार. इथले आदिवासी सांगतात, की एकदा हा साग तोडायला घेतला, कुऱ्हाडीचा घाव बसला आणि झाडातून रक्त उसळलं. तेव्हापासून या झाडाला कुणी हात लावला नाही, त्याची पूजा होऊ लागली. मी त्याच्यापुढे उभी राहिले, मान मागे टाकून, शेंडा दिसेपर्यंत. ही कथा ऐकून कुणी मान हलवेल. मला ती अक्षरशः खरी वाटते. कुणाच्या तरी नाकाला, कुणाच्या तरी डोळ्यांना, त्या लाल-तपकिरी गाभ्यात रक्त दिसलं आणि त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली. एवढ्या मोठ्या रानात एका झाडापुरतं का होईना, पण ते दिसलं. हे काय थोडं झालं?

परतीच्या वाटेवर डोक्यावरून आवाज गेला. जड पंखांचा, वारा कापत जाणारा. चेट्टांनी माझा दंड धरून थांबवलं. महाधनेश! पिवळी चोच, वर तो शिरस्त्राणासारखा भार, काळेपांढरे पंख, आणि झाडांच्या माथ्यावरून त्याचं ते ऐटीत निघून जाणं. या पक्ष्याचं सगळं आयुष्य मोठ्या, जुन्या झाडांवर बेतलेलं आहे. त्यांच्या ढोलीत मादी स्वतःला चिणून घेते, एक चीर तेवढी मोकळी ठेवते, आणि नर फळं आणून त्या चिरेतून तिला आणि पिल्लांना भरवतो. जुनं झाड गेलं की ढोली गेली, ढोली गेली की पुढची पिढी गेली. पूर्वी ही पिल्लं काढून नेली जात. आता खालच्या वाळच्चालच्या रानात काडर लोकच या ढोलींची राखण करतात, प्रत्येक घरट्याची नोंद ठेवतात. ज्या हातांनी कधी ओंडके रुळापर्यंत नेले, त्याच घरांतले हात आता झाडांच्या पोटातली पिल्लं मोजतात. सलीम अलींनी हे पाहिलं असतं तर!

१९६३ साली ती गाडी बंद झाली. छप्पन्न वर्षं चालली. खर्च वाढत गेला, हिशेब जुळेनासा झाला. खाली चालकुडीत ट्रामवे रोड हे नाव तेवढं उरलं. वर धरणांचं पाणी आलं, खोऱ्याचा काही भाग त्याखाली गेला. उरलेलं रान पुढे अभयारण्य झालं, वाघांसाठी राखलं गेलं. दोराच्या वरच्या टोकाला जो रिकामेपणा खेपेखेपेनं पोचला होता, तो आता भरतो आहे. अगदी सावकाश. सागाच्या हिशेबानं.

या प्रवासात माझ्याबरोबर काही मित्रमंडळीही होती; त्यांतला एक जण रात्री मुक्कामाच्या जागी म्हणाला, की ही गाडी पुन्हा सुरू करायला हवी. छोटे डबे, छोटं इंजिन, माथेरानसारखं, लोकांना किती आवडेल. तो मनापासून बोलत होता, आणि आगगाडीचं वेड मलाही आहे. बर्लिनहून आलेलं ते इंजिन या वळणांवरून धापा टाकत येताना मला दिवसभर ऐकू येत होतं. पहिल्या उताराच्या माथ्यावर ब्रेकवर हात ठेवून उभा असलेला तो माणूस, ज्याच्या एका मुठीवर इतके टन लाकूड आणि खाली उभ्या असलेल्यांचे जीव असत, त्याच्या कसबाला मी मनातल्या मनात नमस्कार केला आहे. डोंगराशी इतकं समजून वागणारे रूळ घालणारी माणसं थोर होतीच. पण ती गाडी परत यावी, असं मला वाटत नाही. अजिबात नाही. तिचं एकच काम होतं, आणि ते काम पुन्हा करण्यासारखं नव्हे. त्या वाटेवरून आता पायी जावं. पावलांना चढ कळू द्यावा. रूळ जिथे झाडात शिरला आहे, तिथे जरा बसावं.

नाना लाकडाचा एवढासा तुकडाही टाकत नसत. मोठ्या फळीतून उरलेल्याचा पाट, पाटातून उरलेल्याची लाटणी, लाटण्यातून उरलेल्याच्या खुंट्या. मी एकदा विचारलं होतं, इतकं का जपता? रंधा न थांबवता ते म्हणाले होते, ‘झाडाला वाढायला जेवढी वर्षं लागली, तेवढी तरी आपली वस्तू टिकायला हवी. नाहीतर ती चोरी.’ लहानपणी हे वाक्य मला सुताराच्या अभिमानाचं वाटलं होतं. परांबिकुलमहून आल्यावर ते कर्जाच्या हिशेबाचं वाटतं. दोनशे वर्षांचं झाड पाडायचं असेल, तर दोनशे वर्षं टिकेल असं काही द्यायची ताकद हातात हवी. एका जहाजाला ते जमलं, कोकणातल्या काही दारांना, काही तुळयांना जमलं, आणि ज्यांना जमलं नाही अशा किती ओंडक्यांचं काय झालं, हे त्या उतारांनाच ठाऊक.

तो वास मला आजही आवडतो. आवडणं माझ्या हातात नाही, ते नानांनी माझ्या श्वासात ठेवून दिलेलं आहे. पण आता वखारीपाशी पाऊल मंदावतं, तेव्हा नानांच्या पाठोपाठ ते कडं घातलेलं झाडही समोर येऊन उभं राहतं, आणि मी दोघांनाही जागा देते. प्रेम आणि त्याची किंमत एकाच दोराच्या दोन टोकांना बांधलेली असतात. एकीकडे पाहताना दुसरीकडे पाठ फिरवायची नाही, एवढं तरी आपण त्या झाडांचं देणं लागतो.